‘विचारणं’ वेगळं आणि भेटायला बोलावणं वेगळं

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मुलगा २६ वर्षांचा, मूळचा सांगलीचा, हिंजवडीत नोकरीला. दर शनिवारी फर्ग्युसन रस्त्यावर जर्मनच्या वर्गाला येतो. तिथे एक मुलगी ओळखीची झाली, त्याला सहा शनिवार झाले. सुरुवातीला दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचे, आता ‘तू’वर आलेत. वर्ग सुटल्यावर चार-पाच जण टपरीवर चहा घेतात. त्यात दोनदा शेवटी हे दोघंच उरले आणि अर्धा तास उभ्याने बोलत राहिले. एका शनिवारी हा गेला नाही, तर तिने आपणहून वहीच्या पानांचे फोटो पाठवले. एक मित्र म्हणतो, ‘उद्याच विचार, नाहीतर दुसरा कोणी विचारून मोकळा होईल.’ दुसरा म्हणतो, ‘सहा महिने नुसती मैत्री ठेव, मग बघ.’ मुलाचा प्रश्न असा, की किती दिवसांनी विचारलं तर ते बरं दिसेल? आणि मेसेज करावा की समोर बोलावं?

मी पुण्यात गेली बावीस वर्षं लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं समुपदेशन करते. वयाने तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरे-तुरे करते.

उत्तर आधीच देऊन टाकते. येत्या शनिवारी विचार. तो चुकला तर त्याच्या पुढच्या. त्याहून जास्त लांबवू नकोस. आता हे असं ठामपणे का म्हणते ते सांगते, कारण ते नीट कळलं नाही तर शनिवारी तू भलतंच काहीतरी विचारून बसशील.

तुझ्या पत्रात ‘विचारणं’ हा शब्द सात-आठ वेळा आलाय. आपल्याकडे ‘त्याने तिला विचारलं’ एवढंच वाक्य पुरतं. काय विचारलं, हे कोणी विचारत नाही. ऐकणाऱ्याला कळतं की त्याने प्रेम असल्याचं सांगितलं आणि तिच्याकडून होकार किंवा नकार मागितला. होकार, नकार हे दोन्ही शब्द आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही वापरले जातात. म्हणजे ज्या मुलीबरोबर तू एकदाही दोन तास निवांत बसलेला नाहीस, तिच्यापुढे तू जवळजवळ जन्माचा प्रश्न ठेवणार. तिने अर्ध्या मिनिटात त्यावर निकाल द्यायचा. हे ओझं तुला आतून जाणवतंय, म्हणूनच दिवस मोजायची वेळ आली. एवढ्या मोठ्या प्रश्नाला सहा आठवडे थोडेच वाटणार, आणि सहा महिनेही थोडेच वाटतील.

शनिवारी तुला विचारायचंय ते याच्या शंभराव्या भागाइतकं आहे. ‘वर्गाबाहेर, आपण दोघंच, एकदा भेटायचं का?’ इतकंच. याला डेट म्हण, भेट म्हण, मराठीत अजून याला चांगला शब्द रुळलेला नाही आणि माझ्या मते बरीचशी गडबड तिथूनच सुरू होते. हा प्रश्न छोटा आहे तोवरच विचारायचा. जितका थांबशील तितका तो तुझ्या मनात फुगत जातो आणि शेवटी तोंडातून बाहेर पडताना ‘विचारणं’च होऊन बसतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याची हकीकत ओळख कळणार नाही एवढीच सांगते. त्याने खिशातून एक पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. आत एका मुलीला लिहिलेलं चार पानी पत्र होतं. घड्या इतक्या वेळा उघडून मिटलेल्या, की कागद तिथे कापडासारखा मऊ झाला होता आणि दुसऱ्या पानावरची एक ओळ घडीवर पुसून गेली होती. ते पत्र त्याने अकरा महिने बॅगेत बाळगलं होतं. ती आणि तो रोज बसला एकत्र जायचे, रोज ‘आज नको, आज ती थकलेली दिसते’ असं होत गेलं. अकराव्या महिन्यात तिने बसमध्येच त्याला साखरपुड्याची तारीख सांगितली आणि तू यायचंच असं बजावलं. तिच्या मनात त्याच्याविषयी काय होतं, हे कोणालाच कळलं नाही, कारण तिला कधी काही ठाऊकच नव्हतं. त्याला दुःख तिच्या लग्नाचं होतं, पण त्याहून जास्त या अकरा महिन्यांचं होतं. रोजचा प्रवास तिच्या लेखी मैत्रीचा, याच्या लेखी परीक्षेचा. त्या अकरा महिन्यांत तो एक दिवसही तिच्याशी मोकळेपणाने बोलला नव्हता.

आता तुझ्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं. ‘आधी मैत्री होऊ दे.’ याच्यात तथ्य आहे, मी ते उडवून लावत नाही. २०२१ साली कॅनडातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅनडा आणि अमेरिकेतल्या सुमारे १,९०० जणांपैकी ६८ टक्क्यांनी सांगितलं, की त्यांचं नातं मैत्रीतून सुरू झालं. आकडा मोठा आहे. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मनात पहिल्यापासून प्रेमाचा हेतू ठेवून मैत्री केली, असं सांगणारे त्यात फार थोडे होते. बहुतेकांची मैत्री ही खरीच मैत्री होती, प्रेम नंतर आलं. तुझं तसं नाही. तुला ती आत्ताच आवडलेली आहे. सहा महिने तू मैत्रीच्या नावाखाली वाट बघणार, आणि ज्या दिवशी बोलशील त्या दिवशी तिला मागचे सहा महिने पुन्हा तपासून बघावे लागतील. ‘म्हणजे नोट्स मागितल्या तेव्हाही हेच होतं का?’ मुली माझ्यासमोर बसून हे वाक्य म्हणतात. त्यांचा राग प्रेमाबद्दल नसतो, आपल्याला अंधारात ठेवलं याचा असतो.

शिवाय साधा हिशेब कर. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये तासांचा अंदाज मांडला. अनोळखी माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणावं अशी ओळख व्हायला ९० च्या आसपास, आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून जास्त. तुमचा टपरीवरचा चहा आठवड्याला अर्धा तास. त्या वेगाने २०० तास भरायला साडेसात वर्षांहून जास्त काळ लागेल. म्हणजे नुसतं थांबून जवळीक वाढत नाही, ती भेटून वाढते. आणि भेटायचं तर कोणीतरी भेटायला बोलवावं लागतं.

मग सहा शनिवार पुरेसे आहेत हे मी कशावरून ठरवलं? तुझ्या बाजूचं काहीच मी धरलेलं नाही. तुला झोप लागत नाही, ती आली की वर्ग उजळतो, हे सगळं खरं असेल, पण त्यावरून तिच्या मनाचा अंदाज येत नाही. उलट, पुरुष मोकळ्या वागण्याचा अर्थ ओढ असा लावून बसतात, हे १९८२ पासूनच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मी फक्त तिने आपणहून केलेल्या गोष्टी मोजल्या. बाकीचे निघून गेल्यावर तिलाही निघता आलं असतं, ती थांबली, आणि तेही दोनदा. तू न मागता पानांचे फोटो पाठवले. आणि ‘तू’ म्हणायला आधी कोणी सुरुवात केली, ते तू लिहिलेलं नाहीस. तिने केली असेल तर तीही गोष्ट मी धरेन. जर्मन शिकतोयस, तर ‘झी’ (तुम्ही) सोडून ‘दू’वर (तू) कधी यायचं याचा तिथे केवढा विचार असतो हे तुला शिकवलं असेलच. आपल्याकडे तो नियम कुठे लिहिलेला नाही, पण ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं तेव्हा समोरच्याने एक पाऊल जवळ येऊ दिलेलं असतं.

म्हणून मी दिवस विचारतच नाही. माझा प्रश्न असतो, ‘तिला जाता येत असताना ती किती वेळा थांबली?’ असं दोन-तीनदा झालं असेल तर बोलावं. मग त्याला तीन आठवडे लागले काय किंवा आठ लागले काय. एकदाही झालं नसेल तर वर्ष उलटलं तरी घाई करू नये. लक्षात घे, यातून ‘तिला तू आवडतोस’ हे सिद्ध होत नाही. तुझ्या बोलावण्याचा तिला त्रास होणार नाही, एवढाच अंदाज बांधता येतो. तेवढा पुरे.

कुठे आणि कधी विचारायचं, हे मला किती दिवसांनी यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. एका मुलीने मला सांगितलेला प्रसंग तुला सांगते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक ओळखीचा मुलगा तिच्या अॅक्टिव्हासमोर उभा राहून बोलत होता. वाईट मुलगा नव्हता, आवाजही खाली होता. तो म्हणाला, ‘रविवारी भेटू या का?’ ती म्हणाली, ‘बघू.’ तो म्हणाला, ‘मग शनिवारी?’ ती म्हणाली, ‘बघू, सांगते.’ त्याला वाटलं ती विचार करतेय. तिची किल्ली लावलेली होती, हात अॅक्सिलरेटरवर होता, आणि ती दोन गाड्यांच्या मधून निघायला जागा आहे का एवढंच बघत होती. तो समोरून हलल्याशिवाय गाडी काढता येत नव्हती. तिने तिसऱ्यांदा ‘बघू’ म्हटलं ते फक्त त्याने बाजूला व्हावं म्हणून. पुढचे पंधरा दिवस तो तिच्या फोनची वाट बघत बसला आणि ती दुसऱ्या गेटने ये-जा करत राहिली.

‘बघू’ हे मराठीतलं सौम्य ‘नाही’ आहे. आपल्या मुलींना तोंडावर ‘नाही’ म्हणायला कोणी शिकवलेलं नसतं. समोरच्याला वाईट वाटेल, तो चिडेल, चारचौघांत काही बोलेल, या सगळ्याचा हिशेब त्या एका क्षणात करतात. आणि विचारणाऱ्याला याची कल्पना फार कमी असते. व्हेनेसा बोन्स आणि लॉरेन डेव्हिन्सेंट या संशोधकांनी २०१९ मध्ये याच गोष्टीवर काम केलं. नकार देणं समोरच्याला किती अवघड गेलं असेल, याचा अंदाज विचारणारे खूप कमी धरतात, असं त्यांना आढळलं. म्हणून विचारणाऱ्याची पहिली जबाबदारी ही, की ‘नाही’ म्हणणं तिला सोपं जावं.

त्यासाठी वर्ग सुरू होण्याआधी विचारू नकोस, नाहीतर पुढचा सगळा वेळ तिला त्याच खोलीत तुझ्याबरोबर काढावा लागेल. टपरीवर बाकीचे असताना नको. तू तिला गाडीवरून सोडायला चाललायस, अशा वेळी तर मुळीच नको, कारण घरी पोचण्यासाठी ती तुझ्यावर अवलंबून असते. तिच्या वाढदिवसाला नको, फूल वगैरे घेऊन नको, रात्री अकराला मेसेजवर नको. चहा संपला, कप ठेवले, आता दोघं आपापल्या वाटेने निघणार, तो क्षण चांगला. ती लगेच निघू शकते आणि पुढचा शनिवार सात दिवसांवर असतो. तू तिच्या वाटेत उभा नाहीस, एवढं मात्र खरोखर पायाकडे बघून तपास.

आणि वाक्य. खूप जण याच ठिकाणी अडखळतात, म्हणून मी तयारच देते. तुझ्या शब्दांत बदलून घे.

‘मला तुझ्याशी बोलायला आवडतं. वर्ग सोडूनही एकदा आपण दोघं भेटू या का? रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर चक्कर मारून मग वैशालीत नाश्ता, असं माझ्या डोक्यात आहे. तुला नको असेल तर खुशाल नको म्हण, शनिवारचा चहा आहेच.’

यात ‘आपण दोघं’ हे शब्द गाळू नकोस. ‘आम्ही सगळे जाणार आहोत, तूही ये’ असं सांगून तिथे एकट्यानेच पोचणारे मी पाहिलेत, त्याने विश्वास पहिल्याच दिवशी जातो. दिवस आणि जागा सांग, म्हणजे तिला हो किंवा नाही म्हणायला काहीतरी ठोस मिळेल. ‘कधीतरी भेटू’ला उत्तरही ‘हो, कधीतरी’ असंच येतं. सकाळची वेळ मी मुद्दाम घातली. दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत, तास-दीड तासात आटोपणारी भेट मुलीला सोपी पडते. आणि जागा तिने बदलली तर वाईट वाटून घेऊ नकोस. तिचे काका डेक्कनला राहत असतील, मावशी रोज त्याच टेकडीवर फिरायला येत असेल. कोणी बघितलं तर तुला घरून एक फोन येईल. तिच्या घरी मात्र कदाचित पुढचे सहा महिने त्यावर बोललं जाईल. ही विषमता तू एकटा मिटवू शकत नाहीस, पण तिला जिथे सुरक्षित वाटतं तिथे भेटू शकतोस.

ती ‘हो’ म्हणाली तर फारसं सांगायला नको. ‘या रविवारी जमत नाही, पण पुढच्या रविवारी चालेल’ म्हणाली तर तोही होच समज. ‘या आठवड्यात जरा कामं आहेत’ म्हणून थांबली, पुढचा दिवस सुचवला नाही, तर ते नाही. ‘बघू’, ‘सांगते’, नुसतं हसून विषय बदलणं, हेही नाही. अशा वेळी पुन्हा विचारायचं नाही. महिन्याने नाही, दुसऱ्या शब्दांत नाही, तिच्या मैत्रिणीमार्फत तर नाहीच. तिचं मन पुढे बदललं तर तिच्याकडे तुझा नंबर आहे, आणि मुली आपणहून विचारतात, गेल्या काही वर्षांत मी ते खूप बघतेय. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ‘पाठपुरावा केला की मुलगी पटते’ असं सांगितलं गेलं. ते निव्वळ चूक आहे. स्पष्ट नकोसं दाखवल्यावरही मुलीच्या मागे जाणं, वारंवार संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ च्या आधी तोच भारतीय दंड संहितेत ३५४-ड खाली होता. तू असं काही करशील असं मला वाटत नाही, पण कायद्याने ‘पुन्हा पुन्हा’ला काय म्हटलंय हे प्रत्येक मुलाला ठाऊक असावं.

नकार आला तर पुढच्या शनिवारी वर्गाला जा. हे मी कळकळीने सांगते. बरेच जण लाजून वर्गच सोडतात, किंवा तिच्याशी बोलणं टाकतात. मग तिला वाटतं, आपण ‘नाही’ म्हणालो म्हणून याने शिक्षा दिली. नेहमीच्या जागी बस, नेहमीसारखा ‘काय गं, गृहपाठ झाला का?’ म्हण. पहिले दोन शनिवार जड जातील. तिसऱ्याला दोघांनाही हलकं वाटेल.

तुझ्यासारखेच प्रश्न वेगळ्या ठिकाणच्या ओळखींबद्दल येतात, म्हणून त्यांचंही थोडं. ट्रेकला किंवा मित्राच्या लग्नात भेट झाली आणि पुन्हा भेटायचा संभव नाही, तर त्याच दिवशी निघताना बोलावं, फार तर दोन दिवसांत. तिथे वाट बघण्यासारखं काही नसतं. अॅपवर ओळख झाली असेल तर आठ-दहा दिवसांच्या बोलण्यानंतर भेटावं. त्याहून लांबलं की माणूस मनातल्या मनात समोरच्याची एक मूर्ती घडवतो आणि भेटीत ती मोडते. स्थळ म्हणून कांदेपोह्यांची बैठक झाली असेल तर दुसरी, दोघांचीच भेट आठवड्याच्या आत घ्यावी, आणि ती आईवडिलांमार्फत न मागता एकमेकांनाच विचारून ठरवावी. ‘मुलाकडच्यांना उत्तर कधी द्यायचं’ याचं दडपण चढायच्या आत ती भेट झालेली बरी.

ऑफिसबद्दल मात्र मी कडक आहे. ती तुझ्या हाताखाली काम करत असेल, तिची रजा किंवा पगारवाढ तुझ्या सहीने होत असेल, तर विचारूच नये, कितीही महिने थांबलास तरी. तिथे तिच्या ‘हो’चाही अर्थ लावता येत नाही. बरोबरीची सहकारी असेल तर खूप सावकाश, कामाच्या वेळेबाहेर, आणि एकदाच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. एकदा सभ्यपणे विचारून ‘नाही’ ऐकून घेतलेला माणूस त्या समितीसमोर गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. जे गेले ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेळेमुळे.

तुझा शेवटचा प्रश्न राहिला, मेसेज की समोर. मेसेजमध्ये तिला विचार करायला सवड मिळते, ही त्याची चांगली बाजू आहे, आणि एरवी मी लाजऱ्या मुलांना तोच सुचवते. पण तुमचं सगळं नातं आत्तापर्यंत त्या टपरीवरचं आहे, त्यामुळे समोर बोललेलं तिला जास्त सहज वाटेल. पाऊस आला, वर्ग रद्द झाला किंवा नेमकी सगळी मंडळी शेवटपर्यंत तिथेच रेंगाळली, तर संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला वरचंच वाक्य लिहून पाठव. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर दुसरा मेसेज करू नकोस. पुढच्या शनिवारी ती वर्गात भेटेलच. त्या दिवशी तो विषय तिने काढला तर बोल, नाही काढला तर चहा घे आणि घरी जा.